पोपटाची बोली आणि पडलेलं झुंबर: कायद्याच्या अंतिम परीक्षेतले प्रॉब्लेम कसे सोडवायचे

कायद्याच्या प्रश्नपत्रिकेत माणसं सरळ वागत नाहीत. कुणी शेजाऱ्याच्या विहिरीत माकड सोडतं, कुणी केकवर लिहून जमीन विकतं, कुणाची आजी ऐंशीव्या वर्षी मूल होण्याच्या शक्यतेसह मृत्युपत्रात येते. विद्यार्थी हसतो, पुढे वाचतो आणि उत्तर लिहिताना नेमका तो हसरा तपशील गाळतो. तिथेच गुण जातात. पेपर काढणाऱ्याने तो तपशील नियमाच्या कुठल्या तरी एका घटकावर नेम धरून ठेवलेला असतो. तो कुठल्या घटकाला लागतो आणि कुणाच्या बाजूने झुकतो, हे ओळखता आलं की अर्धा प्रॉब्लेम सुटतो. बाकीचा अर्धा सरावाने येतो, आणि हा सराव लिहून करायचा असतो, वाचून नव्हे.

इथली उदाहरणं अपकृत्य (टॉर्ट, म्हणजे करार नसतानाही दुसऱ्याचं नुकसान केल्याबद्दलची दिवाणी जबाबदारी) आणि करार या दोन विषयांतली आहेत. कॉमन लॉ, म्हणजे जुन्या निकालांवर उभी असलेली इंग्रजी पद्धत, चालते तिथे हे दोन्ही विषय बहुतेक याच जुन्या खटल्यांवरून शिकवले जातात. कलमं आणि अपवाद मात्र देशागणिक बदलतात. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर (१८६८) मधला कठोर दायित्वाचा, म्हणजे निष्काळजीपणा सिद्ध न करताही जबाबदार धरण्याचा नियम घ्या. भारतात एम. सी. मेहता खटल्यानंतर (१९८७) धोकादायक उद्योगांसाठी तो अपवादांशिवाय लागू होतो, तर ऑस्ट्रेलियात १९९४ पासून तो निष्काळजीपणातच विरघळला. उत्तरात कुठला नियम लिहायचा ते तुमचा अभ्यासक्रम ठरवतो.

विचित्र तपशील काय काम करतो

डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन (१९३२) मधली जिंजर बिअरच्या बाटलीतली गोगलगाय सगळ्यांना पाठ असते. पण त्या खटल्यात गोगलगायीपेक्षा महत्त्वाचे तपशील दोन आहेत. एक, ते पेय दावा करणाऱ्या मे डोनह्यू यांनी स्वतः विकत घेतलं नव्हतं, सोबतच्या व्यक्तीने घेऊन दिलं होतं. त्यामुळे दुकानदाराशी त्यांचा करारच नव्हता आणि कराराचा रस्ता बंद झाला. दुसरा, बाटली गडद काचेची होती. आत काय आहे ते मधल्या कुणालाच तपासता येत नव्हतं, म्हणून उत्पादकाचं कर्तव्य थेट ग्राहकापर्यंत पोचलं. एक तपशील एक दार बंद करतो, दुसरा दुसरं दार उघडतो. परीक्षेतल्या प्रश्नाची बांधणी अशीच असते.

आता दोन खटले शेजारी ठेवा. कार्लिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल कंपनी, निकाल १८९२ चा. सांगितल्याप्रमाणे औषध वापरूनही इन्फ्लूएन्झा झाला तर १०० पौंड देऊ, अशी जाहिरात होती आणि १,००० पौंड बँकेत ठेवल्याचंही तिच्यात छापलं होतं. दुसरा लेनर्ड विरुद्ध पेप्सिको, १९९९. या जाहिरातीत शाळकरी मुलगा लढाऊ विमानातून शाळेत उतरतो आणि पडद्यावर त्या विमानासाठी ७० लाख ‘पेप्सी पॉइंट्स’ (बक्षीस योजनेतले गुण) असा आकडा येतो. दोन्ही जाहिराती ऐकायला अतिशयोक्तच, पण पहिलीत प्रस्ताव मानला गेला, दुसरीत नाही. बँकेतल्या १,००० पौंडांनी कंपनीचं गांभीर्य दाखवलं. विमान मात्र कुठल्याही वाजवी माणसाला विनोदच वाटेल, असं न्यायालयाने म्हटलं. वहीत हे खटले वेगवेगळ्या पानांवर ठेवू नका. ‘गांभीर्य’ असा मथळा द्या आणि दोन्ही त्याखाली लिहा. परीक्षेत तिसरी एखादी वेडगळ जाहिरात आली की ती या दोघींच्या मधे कुठे बसते, एवढंच सांगायचं असतं.

सहा आठवड्यांचा अभ्यास

पहिले तीन आठवडे वर्गातल्या नोट्सवरून प्रत्येक विषयाचा आराखडा तयार करा, पंचवीस-तीस पानांचा. तो स्वतःच बनवायला हवा. सीनियरकडून आलेला तयार आराखडा कितीही सुबक असला तरी त्यातली जोडणी तुमच्या डोक्यात झालेली नसते. प्रत्येक नियम घटकांत फोडून लिहा. निष्काळजीपणा म्हणजे काळजीचं कर्तव्य, कर्तव्यभंग, कारणसंबंध, नुकसानाची दूरता (नुकसान चुकीपासून फार लांबचं तर नाही ना), प्रत्यक्ष नुकसान आणि मग बचाव. प्रत्येक घटकासमोर एक किंवा दोन खटले, जास्त नाहीत.

खटल्याचं कार्ड तीन ओळींचं पुरतं: काय झालं, कुठल्या घटकाचा प्रश्न होता, आणि निकाल कुठल्या तथ्यावर फिरला. तिसरी ओळ लिहिता येत नसेल तर तो खटला कळलेला नाही, परत वाचा. वर्ष आठवत नसेल तर उत्तरात देऊ नका. चुकीचं वर्ष नजरेत भरतं, नसलेलं फारसं भरत नाही.

चौथ्या आठवड्यात आराखडा दोन पानांवर आणा. पाचव्यात तो न बघता एका पानावर उतरवा, फक्त घटक आणि खटल्यांची नावं. हे पान रोज सकाळी कोऱ्या कागदावर लिहून काढायचं. सुरुवातीला पंधरा मिनिटं लागतात, आठवड्याभरात पाचात होतं. परीक्षेत पेपर हातात पडल्यावर हेच पान उत्तरपत्रिकेच्या शेवटी कच्चं लिहून ठेवलं की घाईत एखादा घटक सुटत नाही.

प्रॉब्लेमचा सराव मात्र चौथ्या आठवड्यापर्यंत ढकलू नका. ‘आधी सगळं वाचून होऊ दे, मग प्रश्न सोडवू’ हा बेत दरवर्षी अनेकांना बुडवतो, कारण नियमात कुठे भोक आहे हे लिहायला बसल्यावरच दिसतं. पहिल्या आठवड्यापासून आठवड्याला दोन प्रॉब्लेम, शेवटच्या दोन आठवड्यांत रोज एक, घड्याळ लावून.

एक प्रॉब्लेम जवळून

हा सरावासाठी रचलेला प्रश्न. आधी वाचा, दहा मिनिटं आराखडा करा, मग पुढे जा.

‘अ’ हा लिलावदार जुन्या पियानोचा लिलाव करत आहे. ‘ब’ खांद्यावर बोलका हिरवा पोपट घेऊन आला आहे. ‘ब’ने स्वतः ३०,००० आणि ३५,००० अशा दोन बोली लावल्या. दुसऱ्या कुणी ४०,००० म्हटलं. ‘अ’ पाठ करून नोंदवहीत लिहीत असताना ‘ब’च्या दिशेने आवाज आला, “पन्नास हजार!” आवाज पोपटाचा होता. ‘ब’ने घरी सराव करताना हा आकडा बऱ्याचदा मोठ्याने म्हटला होता. ‘अ’ने वळून तीन वेळा पुकारा केला आणि हातोडा मारला. टाळ्या वाजल्या, ‘ब’ने हसून हात हलवला. हातोड्याच्या आवाजाने बिथरलेला पोपट, वजन ४०० ग्रॅम, उडून झुंबरावर बसला आणि झुंबर कोसळलं. झुंबराचा हूक सैल झाल्याचं सफाई कामगाराने सभागृहाचा चालक ‘क’ याला आठवड्यापूर्वी सांगितलं होतं. ‘क’ने खाली दोरी बांधून जागा मोकळी ठेवली होती, फलक लावला नव्हता. ‘ड’ दोरी सरकवून तिथेच खुर्ची टाकून बसला होता. त्याला हाडं ठिसूळ होण्याचा आजार आहे, त्याचा हात तीन ठिकाणी मोडला. सर्व पक्षांना सल्ला द्या.

आधी शेवटची ओळ वाचा. ‘सर्व पक्षांना’ आहे की ‘ड’ला, यावर निम्मं उत्तर बदलतं. मग कोण विरुद्ध कोण अशा जोड्या लिहा: ‘अ’ विरुद्ध ‘ब’ करारात, ‘ड’ विरुद्ध ‘क’ आणि ‘ड’ विरुद्ध ‘ब’ अपकृत्यात. त्यानंतर प्रत्येक तथ्याखाली रेघ मारून समासात त्याचा घटक आणि बाजू लिहा. पोपटाचा हिरवा रंग कुठेच लागत नाही, सोडून द्या. ४०० ग्रॅम मात्र लागतं, ते पुढे बघू.

पहिली जोडी. लिलावात बोली म्हणजे प्रस्ताव आणि हातोडा म्हणजे स्वीकृती; हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते, हे पेन विरुद्ध केव्ह (१७८९) पासून चालत आलं आहे. पोपटाला कायदेशीर व्यक्तित्व नाही, तो प्रस्ताव करू शकत नाही. बरेच जण इथेच पूर्णविराम देतात आणि प्रश्नाचा गाभा सोडून देतात. खरा मुद्दा असा की ‘ब’ने प्रस्ताव केला आहे असं वाजवी माणसाला वाटलं असतं का? स्मिथ विरुद्ध ह्यूज (१८७१) मधली ही वस्तुनिष्ठ कसोटी. ‘अ’च्या बाजूने तीन तथ्यं आहेत. ‘ब’ आधीपासून बोली लावत होता, पाठ वळलेली असल्यामुळे आवाज कुणाचा हे ‘अ’ला दिसलं नाही, आणि तीन पुकारे होईपर्यंत ‘ब’ने हरकत घेतली नाही. ‘ब’च्या बाजूने मुख्य म्हणणं असं की कसोटी त्याच्या स्वतःच्या वागण्याला लागते आणि आवाज त्याचा नव्हता. शिवाय पक्षी समोर दिसत असताना ‘अ’ने खात्री करून घ्यायला हवी होती.

इथे फेल्टहाउस विरुद्ध बिंडली (१८६२) लिहायचा मोह होतो. काकाने पुतण्याला कळवलं होतं, तुझ्याकडून काही आलं नाही तर घोडा माझा झाला असं समजेन. न्यायालयाने गप्प राहण्याला स्वीकृती मानलं नाही. पण ‘ब’ नुसता गप्प नव्हता. तो खोलीत बोली लावणारा होता आणि त्याच्याच बाजूने आलेल्या आकड्यावर पुकारा चालू होता. फेल्टहाउस लिहा, पण हा फरक दाखवून लिहा. हसून हात हलवणं हातोड्यानंतरचं आहे, त्यामुळे ते मागे जाऊन प्रस्ताव तयार करू शकत नाही, पण ‘ब’ला बोली मान्य होती याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतं. हातोडा आधी की हात आधी, हा क्रम पेपर काढणाऱ्याने मुद्दाम ठेवलेला आहे.

दुसरी जोडी जास्त गुणांची. ‘क’चं कर्तव्य वादाबाहेरचं, एका वाक्यात उरका. कर्तव्यभंगासाठी ४०० ग्रॅम कामाला येतात: एवढ्याशा वजनाने झुंबर पडलं, म्हणजे ते पडायलाच टेकलं होतं. हूक सैल असल्याचं ‘क’ला आठवडाभर माहीत होतं आणि दोरीवरून हेही दिसतं की त्याला धोका कळला होता. ‘क’ म्हणेल, दोरी हीच वाजवी खबरदारी. ‘ड’ म्हणेल, फलक नसलेली दोरी धोका सांगत नाही, आणि हूक घट्ट करणं मोठं काम नव्हतं.

इथे कित्येक जण अर्धं पान ‘वस्तुस्थितीच बोलते’ या तत्त्वावर घालवतात आणि बर्न विरुद्ध बोडल (१८६३) मधलं दुकानाच्या वरच्या खिडकीतून पडलेलं पिठाचं पिंप सांगत बसतात. दोष कसा झाला याचा थेट पुरावा नसतो तेव्हा त्या तत्त्वाचा उपयोग. इथे सफाई कामगाराची सूचनाच हातात आहे. एक ओळ पुरे.

मग कारणसंबंध आणि दूरता. पोपट मधे आला म्हणून साखळी तुटते का? ह्यूज विरुद्ध लॉर्ड ॲडव्होकेट (१९६३) सांगतो की नुकसानाचा प्रकार पूर्वकल्पना करण्याजोगा असला की पुरे, ते नेमकं कसं घडलं याची कल्पना असण्याची गरज नाही. झुंबर डोक्यावर पडणं कुणालाही सुचेल, पोपट सुचला नाही तरी चालेल. ठिसूळ हाडांसाठी स्मिथ विरुद्ध लीच ब्रेन (१९६२): इजेचा प्रकार अपेक्षित असेल तर वादी आहे तसा स्वीकारावा लागतो, तीन ठिकाणचं मोडणं पूर्ण भरून द्यावं लागतं. शेवटी बचाव. ‘ड’ने दोरी सरकवली, तेव्हा त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे भरपाई कमी होईल का? फलक नव्हता हे तथ्य इथे दुसऱ्यांदा वापरता येतं. एकच तथ्य दोन घटकांना लागतं हे दिसलं आणि लिहिलं, की उत्तर इतरांच्या वर जातं.

‘ड’ विरुद्ध ‘ब’ चार ओळींत संपतं. पोपट पाळीव जातीचा, त्याच्या एखाद्या धोकादायक खोडीची ‘ब’ला माहिती असल्याचं प्रश्नात नाही. उरतो तो साधा निष्काळजीपणा, न बांधता आणल्याचा, आणि त्यातून झुंबर पडेल ही पूर्वकल्पना ‘ब’ला येणं कठीण. दावा कमकुवत आहे असं लिहा, पण लिहा.

लिहिताना काय बिघडतं

मुद्दा, नियम, लागू करणं, निष्कर्ष ही चौकट सगळ्यांना माहीत असते. तोल बिघडतो तो नियमावर. दोन पानं नियम आणि तीन ओळी लागू करणं, असं उत्तर पाठांतराचे गुण मिळवतं, त्याहून जास्त नाही. लागू करण्याच्या प्रत्येक परिच्छेदात ‘कारण’ हा शब्द आणि त्यानंतर प्रश्नातलं एक तथ्य आलंच पाहिजे. सरावाचं उत्तर लिहून झालं की लाल पेनाने सगळे ‘कारण’ गोल करा. पानभर एकही गोल नसेल तर तुम्ही फक्त गोष्ट परत सांगितली आहे.

प्रश्नाशी भांडू नका. ‘पोपट इतकं स्पष्ट बोलू शकत नाही’ हे उत्तर नाही. दिलेली तथ्यं खरी धरायची असतात. त्यात भरही घालू नका. ‘ड’ दारू प्यायला असावा असं प्रश्नात नसेल तर तो प्यायला नव्हता. एखादं तथ्य खरंच निर्णायक आहे आणि दिलेलं नाही, तर ‘जर ‘अ’ने पोपटाला बोलताना पाहिलं असेल तर…’ अशी एक शाखा काढा आणि परत मूळ रस्त्यावर या. आणि प्रश्न विनोदी असला तरी उत्तर विनोदी करू नका. त्या ओळीला गुण नाहीत आणि वेळ जातो.

निष्कर्ष ठाम असावा लागत नाही, कारणांना धरून असावा लागतो. ‘न्यायालय काय ते ठरवेल’ ही मात्र पळवाट आहे; ‘‘अ’ची बाजू अधिक भक्कम, कारण तीन पुकाऱ्यांत ‘ब’ला नकार द्यायला वेळ होता’ हा निष्कर्ष.

सरावाला प्रश्न कमी पडले तर

जुन्या प्रश्नपत्रिका संपल्या की खटले घ्या आणि एकेकात एकच तथ्य बदला. स्कॉट विरुद्ध शेफर्ड (१७७३): शेफर्डने पेटता फटाका भरलेल्या बाजारात फेकला, तो एका जिंजरब्रेडच्या गाड्यावर पडला. विलिसने स्वतःला आणि मालाला वाचवायला तो पुढे फेकला, रायलने तसाच आणखी पुढे, आणि तो स्कॉटच्या तोंडावर फुटून त्याचा डोळा गेला. शेफर्ड जबाबदार ठरला, कारण मधल्या दोघांनी जीव वाचवायला फेकला होता. आता रायलने गंमत म्हणून फेकला असं करा. किंवा फेकण्याआधी तो फटाका हातात धरून दोन मिनिटं विचार करतो, असं करा. साखळी कुठे तुटते?

पाल्सग्राफ विरुद्ध लाँग आयलंड रेलरोड (१९२८) मध्ये धावत्या गाडीत चढणाऱ्या माणसाला रेल्वेचे कर्मचारी मदत करत असताना त्याच्या हातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं पडलं, आतली शोभेची दारू उडाली आणि फलाटाच्या दुसऱ्या टोकाचा वजनकाटा पाल्सग्राफ बाईंवर कोसळला. पुडक्याकडे बघून काही कळत नव्हतं म्हणून न्यायाधीश कार्डोझोंच्या बाजूच्या बहुमताने, चार विरुद्ध तीन, त्यांचा दावा फेटाळला. पुडक्यावर मोठ्या अक्षरांत ‘फटाके’ छापलेलं असतं तर? हे एक तथ्य बदलून वीस मिनिटं लिहिलं की कर्तव्याचा घटक पक्का बसतो. अभ्यासगटात प्रत्येकाने आठवड्याला असे दोन प्रश्न आणावेत आणि दुसऱ्याचे सोडवावेत. प्रश्न रचणाऱ्याला तथ्य कुठल्या घटकावर ठेवायचं याचा विचार करावाच लागतो. तीन-चार जणांचा गट पुरे, त्यापुढे गप्पा वाढतात.

बहुपर्यायी पेपर असेल तर वेग वेगळा. अमेरिकेतल्या बार परीक्षेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेचा, बहुपर्यायी भाग वर्षानुवर्षं २०० प्रश्न आणि सहा तास असा आहे, म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटांहूनही कमी. पर्यायांत ‘होय, कारण’ आणि ‘नाही, जोपर्यंत’ असे तुकडे असतात. निकाल बरोबर आणि कारण चूक, असा एक पर्याय जवळजवळ नेहमी ठेवलेला असतो. ‘कारण’च्या पुढचा भाग आधी तपासा.

परीक्षेच्या खोलीत

तीन तास, चार प्रश्न असतील तर प्रश्नाला ४५ मिनिटं: दहा वाचन आणि आराखडा, तीस लेखन, पाच राखीव. घरी एकदा दहा मिनिटं लिहून शब्द मोजा, म्हणजे तीस मिनिटांत किती मावतं ते कळेल आणि आराखडा तेवढाच कराल. पहिलं उत्तर लांबवून चौथं अर्धवट सोडणं सगळ्यात महाग पडतं, कारण उत्तराचे पहिले गुण शेवटच्या गुणांपेक्षा फार सहज मिळतात. वेळ संपली की वाक्य पूर्ण करा, अर्धं पान कोरं सोडा, पुढच्या प्रश्नावर जा.

पुस्तक उघडून परीक्षा देण्याची परवानगी असेल तर फक्त दोन पानी आराखडा आणि पानांचे क्रमांक असलेली सूची न्या. जाडजूड फाइल शोधण्यात वेळ खाते. राखलेल्या पाच मिनिटांत भाषा सुधारत बसू नका. प्रश्नातली रेघ मारलेली तथ्यं वरून खाली बघा, वापरलेल्यावर खूण करा, आणि खूण न झालेलं एखादं विचित्र तथ्य दिसलं तर ते कुठे लागतं ते शोधून दोन ओळी कोऱ्या अर्ध्या पानात घाला.